वार्धक्य, व्यायाम आणि संगत

२०२०च्या मार्चमध्ये देशभर टाळेबंदी जाहीर झाली आणि शहरांतील उद्यानांच्या फाटकांना कुलपे लागली, तेव्हा त्या कुलपांची चर्चा फारशी कोणी केली नाही. चर्चेसाठी त्याहून गंभीर विषय समोर होते. रोजगार बुडालेले मजूर बायकामुलांसह महामार्गांवरून चालत निघाले होते आणि रुग्णालयांतील खाटा पुरतील की नाही, याची धास्ती सर्वांना होती. तथापि, त्या कुलपांनी समाजातील एका मोठ्या वर्गाचा दिनक्रम एका रात्रीत मोडून टाकला होता. पहाटे उठावे, कानटोपी चढवून बाग गाठावी, चार फेऱ्या माराव्यात, मग ठरलेल्या बाकाजवळ ठरलेल्या मंडळींसमवेत हातपाय हलवून, राजकारणावर दोन शब्द बोलून, दुधाच्या पिशव्या घेऊन घरी परतावे, हा क्रम ज्यांनी निवृत्तीनंतर दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षे निष्ठेने सांभाळला होता, त्यांना उंबरठा न ओलांडण्याची सूचना मिळाली. पुढे निर्बंध सैल होत गेले, दुकाने उघडली, कचेऱ्या उघडल्या. पण पासष्ट वर्षांवरील व्यक्तींनी अत्यावश्यक कामाखेरीज बाहेर पडू नये, हा सरकारी सल्ला बराच काळ कायम राहिला. साथीपासून वृद्धांचा जीव वाचवण्यासाठी तो योग्यच होता. मात्र शरीर वापरात राहिले नाही तर त्याचे काय होते, याचा हिशेब त्या वेळी कोणाच्या वहीत नव्हता.

याच काळात एक अनपेक्षित गोष्ट घडली. योगवर्ग, हास्यक्लब, ज्येष्ठ नागरिक संघांचे व्यायामाचे गट मोबाइलच्या पडद्यावर आले. नातवाने किंवा परगावच्या मुलीने झूम घालून दिले, कोठे बोट लावायचे ते कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिले, आणि ज्या पिढीने एका ट्रंक कॉलसाठी तासन्‌तास वाट पाहिली होती, ती पिढी सकाळी सात वाजता पडद्यावरील चौकोनांत हात वर करून उभी राहिली. सुरुवातीचे दिवस गमतीचे होते. एकाच्या घरचा कुकर सर्वांना ऐकू येई, दुसऱ्याचे केवळ कपाळ दिसे, तिसऱ्याच्या घरातला पंखाच तेवढा फिरताना दिसे. महिन्याभरात मंडळी सरावली. हे सारे साथीपुरतेच आहे, असा सर्वसाधारण समज होता. बागा उघडल्या, साथ ओसरली, आणि तरीही यांतील अनेक वर्ग चालूच राहिले. ज्यांना बाग जवळ होती आणि पाय धड होते, ते बागेत परतले. उरलेले पडद्यासमोरच थांबले. हे उरलेले कोण, ते का थांबले, आणि त्यांच्यासाठी सार्वजनिक पातळीवर काही करण्याजोगे आहे की नाही, याचा विचार व्हावा तसा झालेला नाही.

हा विचार किती माणसांसाठी करायचा, हे जनगणनेच्या आकड्यांवरून कळते. २०११च्या जनगणनेत देशातील साठ वर्षांवरील नागरिकांची संख्या १० कोटी ३८ लाखांच्या आसपास होती. महाराष्ट्रात ती १ कोटी ११ लाखांच्या घरात, म्हणजे लोकसंख्येच्या जवळजवळ दहा टक्के होती. त्यानंतर ती वाढलीच आहे. मुले नोकरीनिमित्त बंगळूरला किंवा परदेशी, आणि दोन खोल्यांच्या सदनिकेत दोन म्हातारी माणसे, किंवा त्यांतील एक गेल्यावर एकच, हे चित्र आता पुण्या-मुंबईपुरते राहिलेले नाही. सांगली, नाशिक, अमरावती अशा शहरांतही ते घरोघर दिसते. जुन्या चाळीच्या गॅलरीत बसलेल्या म्हाताऱ्याची दिवसभरात दहा माणसांशी आपोआप गाठ पडे. सातव्या मजल्यावरच्या बंद दाराआड ती पडत नाही.

व्यायामाच्या बाबतीत आपल्याकडे एक समजूत पक्की आहे. म्हातारपणी चालावे, तेवढे पुरे. बाकीचे व्यायाम तरुणांचे. चालणे उत्तम आहे, यात वाद नाही. परंतु जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध केलेली मार्गदर्शक तत्त्वे पाहिली, तर पासष्टीनंतरच्या माणसांसाठी त्यांत तीन स्वतंत्र गोष्टी सांगितलेल्या आढळतात. आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे दम लागेल न लागेल अशा बेताचा व्यायाम, ज्यात चालणे येते. निदान दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम. आणि निदान तीन दिवस तोल आणि ताकद या दोहोंवर भर देणारा व्यायाम. आपल्याकडील ज्येष्ठांची मजल बहुधा पहिल्या गोष्टीपाशीच थांबते. उरलेल्या दोन गोष्टी कोणी सांगतच नाही. डॉक्टरही पाच मिनिटांच्या भेटीत 'थोडे फिरत जा' यापलीकडे जात नाहीत.

आणि नेमक्या त्या दोन गोष्टींवर म्हातारपणाचे स्वावलंबन उभे असते. वयाबरोबर स्नायू झिजतात, आणि मांड्यांतील ताकद कमी झाल्याचे माणसाला फार उशिरा समजते, कारण तो नकळत आपल्या सवयी बदलत जातो. आधी पंगतीत पाटावर बसणे सुटते, मग देवघरासमोर मांडी घालणे सुटते, मग खुर्चीतून उठताना हातांचा टेकू लागतो, मग बसचा पायदान उंच वाटू लागतो आणि बसचा प्रवासच बंद होतो. प्रत्येक पायरीवर 'आता वय झाले' हे स्पष्टीकरण तयार असते. शेवटी एके दिवशी न्हाणीघरातल्या ओल्या, गुळगुळीत फरशीवर पाय सरकतो. खुब्याचे हाड मोडले की शस्त्रक्रिया, अंथरूण, दुसऱ्याच्या हाताने होणारी नित्यकर्मे, आणि पुष्कळदा त्यातून कधीच पुरते न उठणे. पडून होणाऱ्या मृत्यूंची जगातील वार्षिक संख्या जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने ६ लाख ८४ हजार आहे. त्यांतील ऐंशी टक्क्यांहून अधिक मृत्यू अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात. रस्त्यावरच्या अपघाताची बातमी होते. न्हाणीघरातल्या पडण्याची होत नाही.

झिजलेली ताकद परत मिळवता येते की नाही, याचे उत्तर १९९० मध्ये बॉस्टन येथे मिळाले. मारिया फियातारोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वृद्धनिवासातील ८६ ते ९६ वर्षे वयाच्या दहा माणसांना आठ आठवडे पायांच्या स्नायूंचा, वजने लावून, चढत्या क्रमाने व्यायाम दिला. त्या दिवसांत नव्वदीच्या माणसाला वजन उचलायला लावणे हा वेडेपणा वाटावा अशीच समजूत होती. जे नऊ जण शेवटपर्यंत टिकले, त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. प्रयोग लहान होता. पण 'आता वय झाले' या वाक्याला त्याने मोठाच धक्का दिला. तोलाच्या व्यायामाचा पुरावा तर त्याहून व्यापक आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन आढाव्यात १०८ चाचण्या आणि त्यांतील २३ हजारांहून अधिक माणसे विचारात घेतली गेली. व्यायामाने पडण्याचे प्रमाण २३ टक्क्यांनी घटते, असे त्यातून दिसले. आणि हा गुण प्रामुख्याने तोल सांभाळणे, उठणे-बसणे, पाऊल टाकणे अशा व्यायामांचा होता. नुसत्या चालण्याने पडणे कमी होते, असे ठामपणे म्हणण्याइतका आधार मात्र आढावा घेणाऱ्यांना सापडला नाही. बागेतल्या चार फेऱ्यांवर विसंबून राहणाऱ्यांनी ही गोष्ट मनावर घेण्यासारखी आहे.

या व्यायामांना सामग्री काय लागते? एक पक्की खुर्ची, एक भिंत, जमल्यास पाण्याने भरलेल्या दोन बाटल्या. खुर्चीतून हात न लावता दहा वेळा उठणे, भिंतीला बोटे टेकवून एका पायावर उभे राहणे, टाचेला अंगठा लावून सरळ रेषेत चालणे, टाचा उचलून चवड्यांवर तोल धरणे. पुणेकरांना तर खुर्ची, भिंत आणि पट्टे यांचे महत्त्व सांगण्याची गरज नाही. १९७५ मध्ये ज्यांची योगसंस्था पुण्यात उभी राहिली, त्या बी. के. एस. अय्यंगारांनी याच साधनांच्या आधारे दुखऱ्या गुडघ्यांच्या आणि ताठरलेल्या पाठींच्या माणसांना आसने करायला लावली आणि स्वतः नव्वदी ओलांडल्यावरही साधना सोडली नाही. ज्ञान, साधने आणि शिकवणारे, या तिन्हींची वाण आपल्याकडे नाही. वाण आहे ती रोज करण्याची. व्यायामाचे पुस्तक आणून चार दिवसांत ते कपाटावर ठेवण्याचा अनुभव घरोघरी आहे, आणि मोबाइलवरील ध्वनिचित्रफिती हे त्या पुस्तकाचेच नवे रूप आहे.

येथे संगतीचा प्रश्न येतो. महाराष्ट्राला सामुदायिक व्यायामाची परंपरा आहे. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चे. पुण्याचे महाराष्ट्रीय मंडळ १९२४ चे. औंधचे अधिपती बाळासाहेब पंत प्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कार हा आपल्या संस्थानाचा जणू कुळाचार केला, शाळांतून तो सक्तीचा केला, आणि वार्धक्यातही स्वतः रोजचे नमस्कार चुकवले नाहीत. सूर्यनमस्कारांवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक १९३८ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाले, तेव्हा ते सत्तरीत होते. परंतु ही परंपरा मुख्यतः तरुणांची आणि पुरुषांची होती. तालमीत म्हाताऱ्याला स्थान होते ते वस्ताद म्हणून. आणि बाईला तर तेही नव्हते. पुढे १९९५ मध्ये मुंबईच्या अंधेरी उपनगरात डॉ. मदन कटारिया यांनी पहिला हास्यक्लब सुरू केला आणि बघता बघता बागाबागांतून सत्तरीची माणसे गोल करून खदखदा हसताना दिसू लागली. त्या हसण्याची पुष्कळ टिंगल झाली. हसण्याने शरीराला किती लाभ होतो, याबद्दल मतभेद असू शकतील. पण ती माणसे रोज येत होती, कारण येथे कोणीतरी वाट पाहणारे होते.

पडद्यावरच्या वर्गाने या परंपरेत एक भर घातली, आणि ती बायकांची आहे. घरातली आजी सकाळी साडेसहाला बागेत जाऊ शकत नाही, कारण त्याच वेळी सुनेची लोकल गाठण्याची घाई असते, नातवंडांचे डबे असतात, पाणी येऊन जायचे असते. आजोबांच्या फेरफटक्याला घरात मान असतो. आजीच्या व्यायामासाठी ओटा मोकळा होत नाही. अकरा वाजता घर शांत झाल्यावर मोबाइल खुर्चीवर टेकवून अर्धा तास स्वतःसाठी मिळवणे तिला शक्य झाले. लुगडे-साडीत चारचौघांत हातपाय कसे हलवायचे, हा संकोचही घरात राहत नाही. गुडघ्यांनी जिना बंद केलेली माणसे, अंथरुणाला खिळलेल्या जोडीदाराला सोडून न जाता येणारी माणसे, दृष्टी अधू झाल्याने रस्ता ओलांडण्याची भीती बसलेली माणसे, हेच ते मागे थांबलेले लोक. मुलांकडे सहा महिने अमेरिकेत जाऊन राहणाऱ्या आईवडिलांचाही यात भरणा आहे. न्यू जर्सीत उन्हाळ्यात रात्रीचे साडेनऊ वाजतात, तेव्हा ठाण्या-डोंबिवलीत दुसऱ्या दिवशी सकाळचे सात वाजलेले असतात. ज्या परक्या गावात गाडीशिवाय पाऊल टाकता येत नाही, तेथे झोपण्यापूर्वीचा तो अर्धा तास काही जणांना गावच्या कट्ट्यासारखा वाटत असल्यास नवल नाही.

दूर राहून एकत्र व्यायाम करण्याची कल्पना मोबाइलबरोबर जन्मली, असे मात्र नाही. जपानमध्ये ती १९२८ पासून चालू आहे. सम्राट हिरोहितो यांच्या राज्यारोहणाच्या निमित्ताने तेथील टपाल खात्याच्या आयुर्विमा विभागाने नभोवाणीवरून व्यायामाचा कार्यक्रम सुरू केला. कल्पना मूळची अमेरिकेतील एका विमा कंपनीची. विमेदार जितका अधिक जगेल तितके हप्ते अधिक, हा त्यामागचा रोकडा विचार होता, आणि त्याबद्दल नाके मुरडण्याचे कारण नाही. लोककल्याणाची पुष्कळ कामे अशाच हिशेबातून झालेली आहेत. पुढे युद्धकाळात राज्यकर्त्यांनी हाच कार्यक्रम जनतेला शिस्तीत उभे करण्यासाठी राबवला, म्हणून पराभवानंतर तो बंद पडला. १९५१ मध्ये तो नव्या रूपात परत आला आणि आजतागायत चालू आहे. सकाळी साडेसहा वाजता तीच पियानोची धून वाजते आणि उद्यानांत, देवळांच्या आवारांत, घराघरांत दहा मिनिटे माणसे हातपाय हलवतात. शाळांच्या उन्हाळी सुट्टीत मुले गळ्यात पत्रक अडकवून येतात आणि हजेरीचा शिक्का घेतात. त्यांच्या शेजारी ऐंशी वर्षांचे आजोबा उभे असतात. १९९९ मध्ये तेथे वृद्धांना आणि अपंगांनाही करता येईल, खुर्चीत बसून करता येईल, अशी वेगळी व्यायाममाला तयार करण्यात आली. वेळ एकच, धून तीच, पैसा नाही, प्रवेशपत्र नाही. जपानी दीर्घायुष्याचे सारे श्रेय या दहा मिनिटांना देणे अर्थातच भाबडेपणाचे होईल.

नभोवाणीहून पडद्यावरचा वर्ग एका बाबतीत सरस आहे. तेथे शिकवणारा पाहू शकतो. 'काकू, गुडघा पायाच्या बोटांपुढे जातो आहे, खुर्ची थोडी मागे घ्या', असे नाव घेऊन सांगणे ही नभोवाणीला किंवा दूरचित्रवाणीवरच्या योगगुरूला न साधणारी गोष्ट आहे. त्याहूनही मोठी गोष्ट म्हणजे गैरहजेरीची नोंद. दोन दिवस एखादा चौकोन रिकामा राहिला की तिसऱ्या दिवशी कोणीतरी फोन करते. एकट्या राहणाऱ्या माणसाच्या आयुष्यात 'आज दिसला नाहीत' असे म्हणणारे कोणी असणे, याचे मोल व्यायामाच्या मोलाहून कमी मानता येणार नाही. वर्ग संपल्यावर सगळे गप्पांसाठी थांबतात. पैसे न भरणाऱ्यांची झूमची बैठक चाळीस मिनिटांनी आपोआप तुटते, म्हणून व्यायाम तीस मिनिटांत आवरून दहा मिनिटे बोलण्यासाठी राखण्याची शक्कलही निघाली आहे. तंत्रज्ञान बनवणाऱ्याला जे अभिप्रेत नव्हते, ते म्हातारी माणसे त्यातून काढून घेतात.

तथापि, उत्साहाच्या भरात दावे वाढवून सांगण्याचे कारण नाही. ऑस्ट्रेलियात सत्तरीवरील ५०३ माणसांना तोलाचे व्यायाम संगणकाच्या पाटीवरून घरीच देण्याचा एक प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. पहिल्या वर्षाच्या अखेरीस पडण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक दिसला नाही. दोन वर्षांचा हिशेब केला, तेव्हा ते १६ टक्क्यांनी कमी झालेले आढळले. तो प्रयोग एकेकट्याने करण्याच्या व्यायामाचा होता, समूहाचा नव्हे. परंतु त्यातून एक गोष्ट उघड होते. दूर राहून केलेला व्यायाम उपयोगी पडतो, पण तो वर्षानुवर्षे टिकला तरच. आणि टिकवण्याचे काम संगत करते. एकटेपणाबद्दलही असेच तारतम्य हवे. जगात दर सहा माणसांपैकी एक एकाकीपणाने ग्रस्त आहे आणि त्याचा संबंध वर्षाला ८ लाख ७१ हजार मृत्यूंशी जोडता येतो, असा अंदाज जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने २०२५ मध्ये मांडला. पडद्यावरची ओळख ही त्यावरची मात्रा नाही. पडद्यावरचा माणूस आजारपणात पेज आणून देत नाही, खांद्यावर हात ठेवत नाही. पण ज्याच्या घरी दिवसभरात घंटा वाजत नाही, त्याला अर्धा तास आठ ओळखीचे चेहरे दिसणे हे काहीच न दिसण्याहून किती तरी बरे.

धोकेही आहेत. वर्गात तोल गेला तर हात देणारे कोणी नसते. रक्तदाब, हृदयविकार, काचबिंदू, ठिसूळ झालेली हाडे यांची विचारपूस न करता वीस-पंचवीस माणसांना एकच व्यायाम देणारे शिक्षक आहेत. पंचविशीतल्या शरीरासाठी शिकलेला अभ्यासक्रम पंचाहत्तरीच्या शरीरावर चालवणारेही आहेत. कोणीही उठून योगशिक्षक व्हावे आणि महिना हजार रुपये घ्यावेत, याला आज आडकाठी नाही. ऐकू कमी येणाऱ्यांचे हाल तर विचारू नयेत. त्यातच 'डिजिटल अटक' नावाच्या फसवणुकीने म्हाताऱ्या माणसांची आयुष्यभराची पुंजी लुटली जात असल्याच्या बातम्या येत असताना, अनोळखी दुव्याला हात लावायला ही माणसे घाबरली, तर त्यांना मागासलेले ठरवणे अन्यायाचे होईल. ती शहाणीच म्हटली पाहिजेत.

शिवाय हा सारा विचार निवृत्तिवेतन, बंद दार आणि चांगला मोबाइल असलेल्या घरापुरता आहे, असा आक्षेप कोणी घेतला, तर तो चुकीचा नाही. चार घरची धुणीभांडी करणारी साठीची बाई व्यायामाला बसणार कधी? तिचे शरीर दिवसभर राबते, परंतु राबणे म्हणजे व्यायाम नव्हे. वाकून वाकून तिची कंबर गेलेली असते, आणि मांड्यांच्या ज्या ताकदीने ती वाचली असती, ती ताकद त्या कामातून येतेच असे नाही. ऊसतोडणीत आयुष्य गेलेल्या मराठवाड्यातल्या म्हाताऱ्याच्या बाबतीतही हेच. त्यांच्या घरी मोबाइल असलाच, तर तो मुलाच्या खिशात असतो. हा आक्षेप मान्य करून पुढे विचार करायचा, तर निष्कर्ष एकच निघतो. पडद्यावरचा वर्ग खाजगी फीच्या हाती सोडला, तर तो ज्यांना थोडेफार मिळते आहे त्यांनाच मिळत राहील. तो सार्वजनिक सेवा म्हणून यायला हवा, आणि घरातल्या मोबाइलच्या भरवशावर येता कामा नये.

याला फार मोठी योजना लागत नाही. वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ पासून कागदावर आहेच. 'ई-संजीवनी'च्या मार्फत दूरवरच्या रुग्णाला डॉक्टरांचा सल्ला देण्याची व्यवस्था सरकारने उभी केली. ज्या तारांवरून औषध सांगता येते, त्यांवरून व्यायामही सांगता येईल. फिजिओथेरपीची महाविद्यालये राज्यात ठिकठिकाणी आहेत. त्यांतील विद्यार्थ्यांच्या प्रशिक्षणाचा एक भाग म्हणून वृद्धांचे वर्ग चालवण्याची सोय झाली, तर शिक्षकांचा प्रश्न बराचसा सुटतो आणि त्यांच्यावर जाणत्या अध्यापकांची नजरही राहते. ज्येष्ठ नागरिक संघांचे जाळे तालुक्यापर्यंत पोचलेले आहे. त्यांचा महासंघ १९८० पासून काम करतो आहे. पुण्यासारख्या शहरात ज्येष्ठांची विरंगुळा केंद्रे आहेत. दुपारी त्यांत पत्ते आणि कॅरम चालतो, सकाळी बहुतेक ती रिकामी असतात. अशा केंद्रात, किंवा गावातल्या समाजमंदिरात भिंतीवर मोठा पडदा लावला आणि जिल्ह्याच्या ठिकाणाहून एक जाणता शिक्षक पंधरा गावांच्या पंधरा गटांना एकाच वेळी शिकवू लागला, तर मोबाइल नसलेल्यालाही वर्ग मिळतो, तोल गेला तर हात द्यायला शेजारचा माणूस असतो, आणि संगत पडद्यावरची न राहता प्रत्यक्षाची होते. घरातून न निघू शकणाऱ्यांसाठी तोच वर्ग मोबाइलवरही चालावा. आकाशवाणीच्या केंद्रांनी सकाळची दहा मिनिटे याला दिली, तर ज्यांच्याकडे यांतले काहीच नाही, त्यांच्यापर्यंतही आवाज पोचेल. ठरलेली वेळ मात्र काही झाले तरी बदलू नये. भाषणासाठी तर मुळीच नको.

एक भीती मात्र उघडपणे सांगितली पाहिजे. घरबसल्या व्यायामाची सोय झाली, म्हणजे रस्ते आणि बागा यांची जबाबदारी संपली, असा सोयीस्कर अर्थ नगरपालिका काढतील. आज शहरांतला पदपथ हा दुचाक्या उभ्या करण्याची, खोदकामाची माती टाकण्याची आणि वेळप्रसंगी दुचाकी चालवण्याचीही जागा झालेला आहे. जेथे तो शाबूत आहे, तेथे त्याची उंची अशी, की सत्तरीच्या माणसाने त्यावर चढणे हाच एक तोलाचा व्यायाम ठरावा. बागांची फाटके सकाळी दहाला बंद होतात, म्हणजे हिवाळ्यात ऊन अंगावर घेण्याची वेळ झाली की म्हाताऱ्यांना बाहेर काढले जाते. अनेक ठिकाणी बाकांच्या पाठी मोडलेल्या आहेत आणि स्वच्छतागृहाला कुलूप आहे; मधुमेही माणूस अशा बागेकडे फिरकत नाही. लोक स्वतःहून घरात थांबले आणि घर त्यांना पुरते, असा हिशेब करणे हे २०२० ची टाळेबंदी कायमची करण्यासारखे आहे. पडद्यावरच्या वर्गातून ज्याच्या मांड्यांत ताकद परत आली, त्याने पुढच्या महिन्यात जिना उतरून रस्त्यावर यावे, ही अपेक्षा असेल, तर खाली त्याला चालण्याजोगा रस्ता मिळायला हवा.

महापालिकांची अंदाजपत्रके दरवर्षी मांडली जातात आणि त्यांत ज्येष्ठ नागरिकांच्या नावाने काही ना काही तरतूद असते. तिच्यातून सहली होतात, सत्कार होतात, शाली वाटल्या जातात. एका केंद्रासाठी लागणारा पडदा, आंतरजालाची जोडणी, आवाज नीट पोचवणारा कर्णा, आठवड्यातून तीन दिवस शिकवणाऱ्याचे मानधन आणि वीस खुर्च्या यांचा खर्च अशा दोन-चार समारंभांहून जास्त होईल असे वाटत नाही. खुर्च्या मात्र लाकडाच्या किंवा लोखंडाच्या, जड बुडाच्या घ्याव्यात. प्लॅस्टिकच्या खुर्च्या फरशीवर सरकतात, आणि उठताना नेमक्या त्याच वेळी सरकतात.